पाचवीचा हजेरीपट

फेब्रुवारी महिना लागला की आमच्या कळमेश्वरात दोन गोष्टी एकाच वेळी सुरू होतात. बागांतून मृगबहाराच्या संत्र्यांची तोड सुरू होते आणि शाळांतून दहावीच्या मुलांचे निरोपसमारंभ सुरू होतात. नागपूरहून इटारसीकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे तालुक्याचे गाव. एका अंगाला संत्र्यांच्या बागा व कपाशीची शेते, दुसऱ्या अंगाला औद्योगिक वसाहतीतील कारखाने, आणि ह्या दोहोंच्या मध्ये आमच्या शाळा. त्यांतील एका शाळेत मी तीस वर्षांहून अधिक काळ शिकविले, अखेरची काही वर्षे मुख्याध्यापक म्हणून काम पाहिले आणि २०२२ च्या जूनअखेर सेवानिवृत्त झालो. तेव्हा निरोपसमारंभ मी पुष्कळ पाहिले आहेत, असे म्हणावयास हरकत नाही.

मुलांनो, तुम्ही अजून सहावी-सातवीत आहात. तुमचा निरोपसमारंभ तीन-चार वर्षे दूर आहे. तरीही त्याविषयी मला तुमच्याशीच बोलावयाचे आहे. ते का, हे पुढे तुमच्या ध्यानात येईल.

ह्या समारंभाचे स्वरूप सर्वत्र सारखेच असते. नववीची मुले आदल्या दिवशी पताका लावतात, चांगले अक्षर असलेली एखादी मुलगी फळ्यावर रंगीत खडूंनी वेलबुट्टी काढते, सरस्वतीच्या प्रतिमेपुढे उदबत्ती जळत असते, आणि शेवटी आलूबोंडा व पेढा मिळणार हे ठाऊक असल्यामुळे मागल्या रांगाही शांत बसतात. मग दहावीची मुले एकेक करून उभी राहतात व आपले मनोगत सांगतात. शाळा हे आमचे दुसरे घर आहे. गुरुजन आमचे दुसरे आईबाप आहेत. ही वर्षे कशी निघून गेली ते कळलेच नाही. ही तीन वाक्ये मी इतक्या वेळा ऐकली आहेत की बोलणारा मध्येच अडखळला तर पुढचे वाक्य मी त्यास सांगू शकेन. ती खोटी आहेत असे माझे म्हणणे नाही. परंतु ती त्या मुलांची नसतात. ती त्यांनी मागल्या वर्षीच्या मुलांकडून घेतलेली असतात, आणि त्या मुलांनी त्यांच्या आधीच्या मुलांकडून. वर्षे कशी गेली ते कळलेच नाही, असे सद्गदित कंठाने सांगणारा एक मुलगा भूमितीच्या तासाला दर पाच मिनिटांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत असे, हे मी स्वतः पाहिले आहे. त्याने त्या दिवशी त्या घड्याळाची गोष्ट सांगितली असती, तर मला अधिक आवडले असते.

मागे वळून पाहताना माणसाची दृष्टी आपोआप सुखाच्या ठिकाणी जाऊन थांबते. आदासा येथील टेकडीवरच्या गणपतीला गेलेली सहल, धापेवाड्यास चंद्रभागेच्या काठी केलेले वनभोजन, स्नेहसंमेलनातील नाटक आणि त्यात ऐन वेळी गळून पडलेली मिशी, एवढेच मुलांना आठवते. आठवावे, त्यात वावगे काही नाही. पण २०२४ साली एका मुलाने मागे वळून जे पाहिले, ते पाहण्याचे मला माझ्या सगळ्या नोकरीत सुचले नव्हते.

त्या वर्षी दहावीची परीक्षा १ मार्चला सुरू व्हावयाची होती. निरोपसमारंभ फेब्रुवारीच्या मध्यावर झाला. मी निवृत्त होऊन दीड वर्ष लोटले होते. परंतु ह्या वर्गाला २०१८ साली पाचवीत प्रवेश मीच दिला होता, म्हणून मुलांनी मला आग्रहाने बोलाविले. नेहमीची भाषणे झाली. आणखी कोणास बोलावयाचे आहे काय, असे सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीने विचारले, आणि मागल्या बाकावरून एक मुलगा उठला. हा मुलगा वक्ता नव्हे. सहा वर्षांत त्याने व्यासपीठावर पाऊल ठेवलेले नव्हते. पाचवीत असताना तो वर्गाचा मॉनिटर होता. कार्यालयातून हजेरीपट आणणे, तो परत नेऊन ठेवणे आणि फळ्याच्या उजव्या कोपऱ्यात ‘पट’ व ‘हजर’ असे दोन आकडे लिहिणे, एवढेच त्याचे काम. ते मात्र त्याने मोठ्या निष्ठेने केले होते.

त्याच्या हातात वहीचे एक पान होते. तो म्हणाला, “पाचवीत आपला पट ५२ होता. आज ४७ आहे. पाचच कमी दिसतात. पण आठवीत चार जण नवीन आले. म्हणजे आपल्यातले नऊ जण गेले. आज सगळ्यांची नावे निघाली, त्यांची निघाली नाहीत. मीही नावे घेत नाही, कारण त्यांना विचारलेले नाही. पाचवीतले हजेरी क्रमांक सांगतो. ज्यांना आठवायचे त्यांना आठवतील.”

मग त्याने एकेक क्रमांक वाचावयास सुरुवात केली.

क्रमांक ४. दिवाळीनंतर ह्याच्या केसांत नेहमी कापसाचे तंतू अडकलेले असत, कारण शाळेत येण्यापूर्वी तो आईबरोबर वेचणीला जाई. वेचणीची मजुरी किलोवर मिळते. दोन हात अधिक म्हणजे तेवढा कापूस अधिक. पुढे पुढे तो पावसाळ्यातच तेवढा शाळेत दिसू लागला आणि आठवीत दिसेनासा झाला. आता तो नागपुरास सीताबर्डीवर एका कापडाच्या दुकानात आहे.

क्रमांक ११. ह्याचे वडील औद्योगिक वसाहतीत एका ठेकेदाराकडे कामाला होते. ठेका संपला आणि घर बुटीबोरीला गेले. “तो तिकडे शिकत असेल, तर बरेच आहे,” असे मुलगा म्हणाला. “मला माहीत नाही.”

क्रमांक १७. हा छत्तीसगडातून वीटभट्टीवर आलेल्या कुटुंबातला. दिवाळीनंतर यावयाचा आणि पावसाच्या आधी जावयाचा. त्याला मराठी वाचता येत नसे, पण ओल्या मातीची शिट्टी करता येत असे, व ती त्याने अर्ध्या वर्गाला शिकविली होती. २०२० च्या टाळेबंदीत भट्टी बंद पडली आणि ती माणसे पायीच आपल्या गावाकडे निघाली. पुढे त्यांचे काय झाले, हे वर्गात कोणास ठाऊक नव्हते.

क्रमांक ३६. ही मुलगी. घरात मोबाइल एक आणि शिकणारी भावंडे तीन, शिवाय तो मोबाइल सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. सातवीचे सगळे वर्ष असे गेले. आठवीत शाळा उघडली तेव्हा ती आली. पण तोवर आई मजुरीला जाऊ लागली होती आणि सर्वांत धाकटा भाऊ अगदी लहान होता. आठवी झाली आणि ती घरी राहिली. “मला त्रैराशिक हिने शिकविले,” असे सांगताना त्या मुलाचा आवाज किंचित बदलला.

क्रमांक ४१. ही एका खेड्यावरून एस.टी.ने येत असे. २०२१ च्या दिवाळीच्या सुमारास एस.टी. कर्मचाऱ्यांचा संप सुरू झाला, तो पुढल्या वर्षीच्या एप्रिलपर्यंत चालला. काही दिवस ती कोणाच्या तरी दुचाकीवर मागे बसून आली, काही दिवस पायी आली, मग थांबली. संप मिटला, बस पुन्हा सुरू झाली, पण ती परत आली नाही.

राहिलेल्या चौघांचे क्रमांक त्याने वाचले आणि म्हटले, “ह्यांचे कारण मला माहीत नाही. आपण कोणी विचारलेच नाही.” एवढे बोलून तो खाली बसला. टाळ्या वाजवाव्या की वाजवू नयेत, हे कोणालाच कळेना, म्हणून कोणी वाजविल्या नाहीत.

समारंभ संपल्यावर शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना ह्या भाषणावर बराच खल झाला. एका सहकाऱ्यांचे मत असे पडले की मंगल प्रसंगी असल्या गोष्टी काढू नयेत. परीक्षा तोंडावर आली असता मुलांची मने प्रसन्न ठेवावीत. ह्या मताशी मी सहमत नाही. जी आठवण केवळ प्रसन्न असते ती पुष्कळदा अर्धीच असते, आणि पंधरा वर्षांच्या मुलांच्या हाती अर्धी आठवण देऊन त्यांना शाळेबाहेर पाठविणे मला प्रशस्त वाटत नाही. दुसऱ्या एका बाईंचा आक्षेप अधिक वजनदार होता. त्या म्हणाल्या, “उद्या हे त्या मुलांच्या कानांवर गेले, तर त्यांना काय वाटेल? आपल्या घरची अडचण चारचौघांत सांगितलेली कोणाला आवडते?” हे खरे आहे. मुलाने नावे घेतली नव्हती. पण पन्नास मुलांच्या वर्गात क्रमांक हे नावच असते. मी त्या वेळी काही बोललो नाही. आज मला असे वाटते की कारणे सांगावयाची तर ती ज्याची त्यास विचारूनच सांगावीत. परंतु ती मुले ह्या वर्गाची होती, एवढे म्हणावयास कोणाची परवानगी लागत नाही. (येथे लिहिताना मी ते क्रमांकही बदलले आहेत.)

वर्गातून एखादा मुलगा गेला तर त्याची जागा किती दिवस रिकामी राहते, हे तुम्ही कधी पाहिले आहे काय? बाकावरची जागा तर दोन दिवसांत भरते. शेजारी सरकून बसतो. हजेरीपटावर काही आठवडे त्याच्या नावापुढे गैरहजेरीच्या खुणा पडत राहतात, मग तांबड्या शाईची रेघ येते. जूनच्या अखेरीस, म्हणजे आमच्याकडे शाळा उघडते तेव्हा (विदर्भात ऊन कडक, म्हणून आमच्या शाळा उर्वरित महाराष्ट्राच्या मागून उघडतात), नवा हजेरीपट येतो. नावे पुन्हा क्रमाने लिहिली जातात. पाचवा चौथा होतो, सहावा पाचवा होतो, आणि रिकामी जागा कोठेच उरत नाही. हे कोणी कपटाने करीत नाही. ती लेखनाची सोय आहे. पण ह्या सोयीमुळे जो गेला तो कधी नव्हताच, असे होऊन जाते. कार्यालयातील मोठ्या नोंदवहीला आमच्याकडे ‘दाखल-खारीज’ म्हणतात. मुलगा आला की दाखल, गेला की खारीज. न्यायालयात एखादा दावा फेटाळला गेला तरी तो खारीज झाला असेच म्हणतात. मी मराठीचा शिक्षक. हा शब्द रोज डोळ्यांखालून जात असूनही त्याच्याकडे मी कधी थांबून पाहिले नाही, ह्याचे मला आता नवल वाटते.

शाळा सोडणारी मुले अभ्यासात कच्ची असतात, म्हणून ती सोडतात, असा एक सोपा समज आहे. तुमच्याही कानांवर तो आला असेल. वर सांगितलेल्या पाच मुलांकडे पुन्हा एकदा पाहा. त्यांतील कोणास अभ्यासाने घालविले? एकाला कापसाच्या हंगामाने घालविले, एकाला वडिलांच्या सुटलेल्या कामाने, एकाला टाळेबंदीने, एकीला घरातल्या पाळण्याने आणि एकीला न आलेल्या बसने. ह्या वर्गावर तर काळही विचित्र आला होता. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुले सहावीत होती. मधले काही आठवडे सोडले तर त्यांच्या वर्गाची दारे पुन्हा उघडली ती ४ ऑक्टोबर २०२१ रोजी, आणि तोवर ती आठवीत गेलेली होती. म्हणजे सातवीचे वर्ष त्यांनी बव्हंशी घरीच काढले. ज्याच्या हाती मोबाइल होता त्याने ते वर्ष थोडेफार राखले. ज्याच्या हाती नव्हता त्याचे ते वाहून गेले.

त्यातही आठवीचा उंबरठा विशेष निसरडा असतो. २००९ साली झालेला आणि १ एप्रिल २०१० पासून अमलात आलेला शिक्षणहक्काचा कायदा सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना आठवीपर्यंतचे शिक्षण मोफत व सक्तीचे करतो. हा कायदा मोठ्या मोलाचा आहे, आणि तो झाला म्हणून पुष्कळ मुले आठवीपर्यंत तरी पोचली. परंतु कुंपण जेथे संपते तेथूनच वासरे बाहेर पडतात. आठवीची गुणपत्रिका हाती आली की पुष्कळ घरांत ‘झाले तेवढे पुरे’ असा शब्द निघतो, आणि तो मुलींच्या बाबतीत अधिक सहज निघतो.

एखादा मला म्हणेल, ‘गुरुजी, शाळेवाचून माणसे मोठी होत नाहीत काय?’ होतात. अमरावती जिल्ह्यातील यावलीस १९०९ साली जन्मलेले तुकडोजी महाराज लहानपणीच शाळेतून बाहेर पडले, आणि १९२३ साली स्थापन झालेल्या नागपूर विद्यापीठास आज त्यांचे नाव आहे. खानदेशच्या बहिणाबाई चौधरी शाळेत कधी गेल्याच नाहीत; त्यांची गाणी मुलाने व इतरांनी टिपून घेतली म्हणून ती आपल्याला वाचावयास मिळतात. ह्या दोघांपुढे मी हात जोडतो. पण त्यांचे दाखले देऊन इतरांची शाळा सुटल्याचे दुःख झाकण्याचा जो प्रघात आहे, तो मला मान्य नाही. आणि हे दाखले देणारी माणसे स्वतःच्या मुलाची शाळा मात्र एक दिवसही चुकू देत नाहीत, हेही मी पाहिले आहे.

कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली साताऱ्यास सर्व जातींच्या मुलांसाठी वसतिगृह काढले. विदर्भात डॉ. पंजाबराव देशमुखांनी अमरावतीस श्रद्धानंद छात्रालय चालविले. ह्या दोघांनी केवळ शाळा काढल्या नाहीत. मूल शाळेत येत नाही तेव्हा वाटेत आडवे काय पडले आहे, हे त्यांनी आधी पाहिले. कोणाला राहावयास जागा नव्हती, कोणाला दोन वेळचे जेवण नव्हते. म्हणून वसतिगृह आले, म्हणून ‘कमवा आणि शिका’ आले. फळ्यावर ‘हजर’चा आकडा लिहून ते थांबले नाहीत.

जपानमधील शाळांत वर्गाचे छायाचित्र काढतात तेव्हा एक पद्धत पाळतात. त्या दिवशी कोणी आजारी असला किंवा काही कारणाने आला नसला, तर त्याचे छायाचित्र वेगळे काढून मोठ्या छायाचित्राच्या वरच्या कोपऱ्यात गोलात बसवितात. पुढे कित्येक वर्षांनी ते छायाचित्र पाहणाऱ्याला कळते की हाही ह्या वर्गाचा होता. मला ही पद्धत फार आवडली. आमच्याकडे छायाचित्राच्या दिवशी जो आला नाही, तो आला नाही. वास्तविक एक लहानसा गोल कातरून चिकटवावयास किती खर्च येतो?

आता तुमच्याशी हे का बोलतो आहे, ते सांगतो. दहावीतल्या मुलांना हे सांगून फारसा उपयोग नसतो. त्यांच्या वर्गातून जे जावयाचे ते गेलेले असतात. तुमच्या वर्गातले अजून वर्गातच आहेत. तुमच्यापैकी पुष्कळांना नुसते मागे वळून न पाहता शेजारी पाहता येईल. आठ दिवसांत कोण दिसले नाही? दिवाळीपासून कोणाची हजेरी विरळ झाली आहे? अशा मुलाच्या घरी मित्र म्हणून जावे. तपासनीस म्हणून जाऊ नये. तू शाळेत का येत नाहीस, असा प्रश्न दारात उभे राहून विचारला की समोरचा मुलगा खोटे बोलतो, आणि त्याचा दोष त्याच्याकडे नसतो. वही न्यावी, काय शिकविले ते सांगावे, थोडा वेळ खेळावे. कारण आपोआप कळते. ते कळल्यावर वर्गशिक्षकांना एकीकडे सांगावे. मुलीस एस.टी.चा मोफत पास मिळतो हे कित्येक घरांत ठाऊक नसते. कोणाच्या बदलीच्या दाखल्याचे काम अडलेले असते. तुम्ही कोणाची मजुरी भरून देऊ शकत नाही, हे मला कळते, आणि ते तुमचे कामही नव्हे. ते आम्हा मोठ्यांचे काम आहे, आणि आम्ही ते पुरेसे केलेले नाही. परंतु वर्गातला मुलगा दिसेनासा झाला हे सर्वांत आधी कळते ते मुलांनाच. मुख्याध्यापकास ते महिनाअखेरीस आकड्यावरून कळते.

त्या वर्गाचे पुढे काय झाले, तेही सांगितले पाहिजे. छायाचित्र निरोपसमारंभानंतर चार दिवसांनी काढावयाचे होते. मुलांनी आपसांत ठरवून ज्या नऊ जणांचा पत्ता लागला त्यांना निरोप पाठविले. दोघे आले. क्रमांक ४ दुकानातून अर्ध्या दिवसाची सुटी काढून आला. त्याला गणवेश नव्हता, तेव्हा त्याला शेवटच्या रांगेत उभे करावे असे छायाचित्रकाराने सुचविले; मुलांनी ते ऐकले नाही. बाकीच्यांपैकी कोणाचा पत्ता लागला नाही, कोणाला येता आले नाही. क्रमांक ३६ ने मात्र येण्याचे साफ नाकारले. ‘मी दहावीची नाही, तर दहावीच्या फोटोत कशाला उभी राहू?’ असे तिने सांगून पाठविले. मुले हिरमुसली. मला मात्र तिचा नकार योग्य वाटला, आणि अजूनही वाटतो. आपल्याला बरे वाटावे म्हणून कोणी आपल्या छायाचित्रात येऊन उभे राहावे, ही अपेक्षाही एक प्रकारची हाव आहे.

ज्यांची शाळा मध्येच सुटली त्यांना आपल्या राज्यात खाजगी विद्यार्थी म्हणून दहावीच्या परीक्षेला बसता येते. त्यासाठी जो अर्ज भरावा लागतो त्याला सगळीकडे ‘१७ नंबरचा फॉर्म’ म्हणतात. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात एका दुपारी क्रमांक ३६ आपल्या वडिलांबरोबर माझ्या घरी आली. फॉर्म भरावयाचा होता, आणि तो भरताना काही चुकू नये म्हणून कोणीतरी त्यांना माझे नाव सांगितले होते. पावसात भिजू नये म्हणून तिने शाळा सोडल्याचा दाखला प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून आणला होता. मी तो उलगडून टेबलावर ठेवला. तारीख २०२२ च्या मे महिन्यातली होती. वर्तणूक : चांगली. शाळा सोडण्याचे कारण : पालकांची विनंती. खाली माझी सही होती.

त्या वर्षी, आणि त्यापूर्वीच्या सर्व वर्षी, त्या रकान्यात आम्ही हेच दोन शब्द लिहीत आलो होतो. लिहिण्यापूर्वी पालकांना विचारल्याचे मला एकदाही आठवत नाही.

मुलगी दाखल्यावर बोट ठेवून वाचीत होती. तिने वडिलांकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले. “सर,” ती म्हणाली, “माह्या बाबानं तं अशी विनंती केलीच नव्हती. हे कोनं लिहिलं?”

“मी लिहिले,” मी म्हणालो, आणि फॉर्म पुढे ओढला.